अकरा महिन्यांनी कळलं, म्हणजे उशीर झाला का?

ओतूरकडच्या एका गावातून एका मामांनी भाचीबद्दल विचारलं आहे. मुलगी अकरा महिन्यांची. बाळंतपण दवाखान्यात झालं, वजन चांगलं होतं, अंगावरचं दूध पीत होती, शीही होत होती. सहाव्या महिन्यानंतर वरणाचं पाणी आणि मऊ भात सुरू झाला आणि शी अडायला लागली. गुटीत हिरडा वाढवला, एरंडेल दिलं, दोन ठिकाणी बद्धकोष्ठाची औषधं झाली. शेवटी आजीने विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून लावायला घेतलं, तर तिला लावायची जागाच सापडेना. पुण्यात दाखवल्यावर कळलं की शीची जागा नेहमीच्या ठिकाणी नाहीच, योनीच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून शी येते. मामा विचारतात: उशीर झाला का? पोटावर पिशवी लावतील का? पुढे लग्न, मूलबाळ होईल का? आणि इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही?

मी वीस-बावीस वर्षं पुण्यात लहान मुलांची ऑपरेशनं करतो. हे चारही प्रश्न मला ओपीडीत नेहमी ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाचीबद्दल. उशीर झाला आहे, पण तिची वेळ गेलेली नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा रेक्टोव्हेस्टिब्युलर फिस्टुला दिसतो. मोठं आतडं खालपर्यंत उतरलं, पण स्नायूंच्या कड्याच्या मधोमध उघडायच्या ऐवजी थोडं पुढे येऊन योनीच्या तोंडाशी, बारीक वाटेने उघडलं. मुलींमध्ये सर्वांत जास्त हाच प्रकार दिसतो. शीची जागा नसणं किंवा ती चुकीच्या ठिकाणी असणं हा जन्मदोष, त्याच्या ज्या प्रकारांबद्दल मी आईबापांना मोकळ्या मनाने चांगलं सांगू शकतो, त्यातलाही हा एक. शी धरून ठेवणारे स्नायू बहुधा चांगले असतात, माकडहाडही बहुधा नीट असतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, तर यातल्या बहुतेक मुली मोठेपणी आपली शी आपण सांभाळतात. बद्धकोष्ठाची सवय मात्र राहते, तिच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

इतके दिवस कळलं नाही याचं कारणही यातच आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, ती बारीक छिद्रातूनही निघून जाते. लंगोट रोज भरतो आणि कुणाला शंका येत नाही. वरचं खाणं सुरू झालं की शी घट्ट होते आणि वाट अपुरी पडते. मागचं आतडं रोज थोडं थोडं फुगत जातं. परकराच्या कमरेचं इलॅस्टिक ताणून ताणून सैल पडतं आणि मग नवीन परकराला लावलं तरी ते आवळत नाही, तसंच आतड्याचं होतं. उशिराची खरी किंमत ही आहे. नवी जागा चांगली तयार केली तरी सैल पडलेलं आतडं पुढे ढकलायला आळस करतं. म्हणून आता आणखी दोन-चार महिने औषधांवर काढू नका. आणि ते पानाचं देठ, साबणाची कांडी, काहीही आत घालू नका. आजींनी पाहिलं म्हणून कळलं, त्यांचे आभार माना, पण आता ते नको.

मुलग्यांमध्ये चित्र वेगळं असतं, आणि तिथे उशीर महिन्यांचा नसतो, तासांचा असतो.

एक बाळ मला विसरता येत नाही. आईबाप बीडकडचे, दौंड तालुक्यात ऊसतोडीला आलेले. बाळंतपण जवळच्या एका छोट्या दवाखान्यात झालं आणि दुसऱ्या दिवशी बाळंतीण कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, परत गेली. बाळ माझ्यापर्यंत आलं चौथ्या दिवशी संध्याकाळी. पोट घट्ट आणि चकचकीत, वर निळ्या शिरा, ओठ कोरडे, उलटी हिरवट-तपकिरी, हातपाय गार. आईने बाळाला गुंडाळलेलं फडकं बाजूला काढलं तेव्हा मला लघवीच्या ओल्या डागाच्या मधोमध एक हिरवट ठिपका दिसला, हरभऱ्याच्या पानाएवढा. मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून, मला वाटलं लघवीच तशी आहे. तो ठिपका म्हणजे पहिली काळी शी होती. तिला बाहेर यायला वाट नव्हती म्हणून ती लघवीच्या नळीत उतरत होती. शीची जागा म्हणून तिथे फक्त एक खळगा होता, त्वचेचा, बंद. घाईत वरवर पाहिलं तर तो खळगा कुणालाही नेहमीच्या जागेसारखा वाटेल. पोट उघडलं तेव्हा मोठं आतडं एका ठिकाणी फुटलेलं होतं. बाळ वाचलं, पण अठरा दिवस आयसीयूत काढून. हेच बाळ पहिल्या दिवशी आलं असतं तर अर्ध्या-पाऊण तासाचं ऑपरेशन होतं आणि आठवड्याभरात आईच्या मांडीवर घरी गेलं असतं.

त्या दवाखान्याला दोष देऊन मला काही साधायचं नाही. मी स्वतः शिकत होतो तेव्हा बाळाचं तापमान गुदद्वारात थर्मामीटर घालून बघायची पद्धत होती. त्यात ही गोष्ट आपोआप सापडायची. आता तापमान काखेत बघतात. बाळासाठी ते जास्त सुरक्षित आहे आणि तसंच असायला हवं. पण त्यामुळे एक नकळत होणारी तपासणी गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशाने मुद्दाम भरली नाही. बाळ जन्मल्याबरोबर पुसून, गुंडाळून आईला देतात, तेही बरोबरच आहे. पण पहिल्या काही तासांत कधीतरी ते गुंडाळलेलं सोडायला हवं.

बघायचं कसं, तेही सांगतो. एकटी आशाताई, आई, आजी, कुणीही करू शकते. उजेडात बाळाचे दोन्ही पाय पोटाकडे दुमडायचे. नितंब हलक्या हाताने बाजूला करायचे. काळी शी लागलेली असेल तर ओल्या कापसाने स्वच्छ पुसायचं आणि मग परत बघायचं, कारण लागलेल्या शीमुळेच सर्वांत जास्त फसायला होतं. शी लागलेली आहे म्हणजे ती योग्य जागेतूनच आली असं समजायचं नाही. मुलगी असेल तर तीन जागा मोजायच्या: लघवीची, योनीची आणि शीची, तीही नेहमीच्या ठिकाणी. दोनच दिसल्या तरी त्याच दिवशी लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं. एकच दिसली तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं, कारण त्यात योनीत पाणी साठून किडनीवर दाब येऊ शकतो. मुलगा असेल तर जागा आहे का बघायचं, आणि लघवीत हिरवट-काळं काही येतंय का ते पांढऱ्या फडक्यावर बघायचं. वरून सगळं नीट दिसत असूनही २४ तासांत काळी शी झाली नाही किंवा हिरवी उलटी झाली, तरी दाखवायचं. क्वचित बाहेरची जागा ठीक असते आणि आतली वाट बंद असते.

जवळपास ४००० ते ५००० बाळांमागे एकाला हा जन्मदोष असतो. महाराष्ट्रात वर्षाला १५ लाखांहून जास्त बाळं जन्मतात, म्हणजे दरवर्षी तीनशेहून जास्त. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला नोकरीच्या तीस वर्षांत असं एखादंच बाळ भेटेल. त्या एका बाळासाठी बाकी सगळ्यांचे लंगोट सोडून पाहायचे, हे काम कंटाळवाणं आहे, हे मला मान्य आहे. तरी ते करायला हवं.

सरकारी यंत्रणेत याला जागा नाही असं नाही. आशाताई घरी येतात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या बाळाचं वजन करतात, तापमान बघतात. त्याच भेटीत लंगोट सोडायला एक मिनिट लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत जन्मदोष नऊ आहेत: दुभंगलेले ओठ, वाकडी पावलं, हृदयदोष, जन्मजात मोतीबिंदू वगैरे. शीची जागा नसणं त्यात नाही. बाकीच्या बऱ्याच दोषांना आठवडे-महिने थांबता येतं, वाट पूर्ण बंद असेल तर याला दोन दिवसही थांबता येत नाही. हे मी जिथे बोलावतात तिथे बोलतो आणि बोलत राहणार.

आता थांबण्याबद्दल एक बारकावा, कारण यावरून गोंधळ होतो. आम्ही सर्जनही २४ तास थांबतो. त्या वेळात आतड्यात दाब वाढतो आणि शी लघवीतून किंवा त्वचेजवळच्या एखाद्या बारीक छिद्रातून बाहेर पडते, त्यावरून आतडं किती वर अडलंय ते कळतं. तसं काही दिसलं नाही तर बाळाला पालथं झोपवून आडवा एक्स-रे काढतात. वांगेनस्टीन आणि राइस यांनी १९३० मध्ये बाळाला उलटं धरून काढायचा एक्स-रे सांगितला होता, ही त्याचीच सोपी पद्धत. पण हे थांबणं आमच्याकडे असतं: बाळ उबेत, तोंडाने काही नाही, नाकातून नळी, सलाइन चालू, इकोसाठी हृदयाचे डॉक्टर बोलावलेले. गावात थांबणं ते हे नव्हे. “उद्यापर्यंत बघू, नाही झाली तर पाठवू” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

न्यायचं कसं, हेही उपचारातच येतं. नवजात बाळासाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालयातून पाठवत असतील तर त्यांनाच गाडी द्यायला सांगा. दूध बंद. बाळ आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण, डोक्याला टोपी. जुन्नरहून निघालेलं बाळ चाकणच्या कोंडीत दीड तास अडकतं आणि आमच्याकडे ३४ अंशांवर पोचतं, हे मी अनेकदा पाहिलंय. गार पडलेल्या बाळाला लगेच भूल देता येत नाही, आधी ऊब देण्यात रात्र जाते. शक्य असेल तिथे दवाखान्याने निघण्यापूर्वी नाकातून नळी घालून पोटातला वारा काढावा आणि व्हिटॅमिन के दिलं का ते चिठ्ठीवर लिहावं. आणि कुणीही, कितीही चांगल्या हेतूने, त्या खळग्यावर छेद देऊन वाट करायचा प्रयत्न करू नये. अशा छेदाने जो स्नायू कापला जातो, तोच पुढे मुलाला शाळेत कोरडं ठेवणार असतो. आंधळा छेद दिलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांचं राहिलेलं काम नुसत्या हुशारीने भरून निघत नाही.

तुमच्या भाचीला पोटावर पिशवी लागेल का, तर कदाचित. यावर सर्जन-सर्जनमध्ये मतभेद आहेत. आधी काही दिवस मऊ नळीने सलाइनचा एनिमा देऊन अडकलेली शी काढतील. हृदयाचा इको, किडनीची सोनोग्राफी, कण्याचा एक्स-रे आणि मज्जारज्जूसाठी एमआरआय सांगतील. हे दोष एकत्र येतात, म्हणून या तपासण्या टाळू नका. मग काहीजण एकाच टप्प्यात ऑपरेशन करतात. आतडं फार फुगलं नसेल, भूल देणारी आणि नंतर सांभाळणारी टीम पक्की असेल, तर ते योग्यच आहे. माझं मत असं की अकरा महिन्यांच्या, शीने भरलेल्या आतड्याच्या बाळाला आधी कोलोस्टॉमी केलेली बरी, म्हणजे मोठं आतडं पोटावर उघडून शीला तिथून वाट द्यायची. ती तात्पुरती असते. खालची जखम शीपासून लांब राहते आणि स्वच्छ भरते. जखम पिकून उसवली तर पुन्हा करावं लागतं, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं कधीच होत नाही. पण मी बाळ तपासलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय. त्यांना विचारा, तुम्ही हे का निवडताय. चांगला डॉक्टर या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देतो.

शीची नवी जागा तयार करायच्या मुख्य ऑपरेशनला पीएसएआरपी (पोस्टिरिअर सॅजिटल अ‍ॅनोरेक्टोप्लास्टी) म्हणतात. १९८२ मध्ये पेन्या आणि डिव्रीज यांनी ते जगापुढे मांडलं. बाळाला पालथं ठेवून मधोमध छेद घेतात आणि विजेच्या हलक्या झटक्याने स्नायू कुठे आकसतो ते डोळ्यांनी बघून आतडं बरोबर त्याच्या मध्यात बसवतात. त्याआधी सर्जन बरंचसं अंदाजाने काम करत. तिसरा टप्पा म्हणजे पोटावरची जागा बंद करणं.

आता ज्याने मला सर्वांत जास्त त्रास होतो ते सांगतो. पहिला टप्पा होतो आणि बाळ परत येत नाही. कोलोस्टॉमी झाली की पोट उतरतं, बाळ दूध प्यायला लागतं, घरच्यांना वाटतं झालं. ऊसतोडीच्या कुटुंबाची उचल फिटेपर्यंत सुटका नसते आणि गळीत हंगाम संपला की ती गावाकडे परततात, बरोबर दुसऱ्या ऑपरेशनची तारीख असते तेव्हाच. अशी मुलं पाच-सहा वर्षांची होऊन, पोटावरून शी होत असतानाच शाळेच्या दाखल्यासाठी येतात. म्हणून आता मी पहिल्याच दिवशी विचारतो, एप्रिलमध्ये तुम्ही कुठे असाल? आणि तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी आधीच लिहून देतो.

पोटावरच्या जागेची काळजी घरी घेता येते. विकतच्या पिशव्या बाळाला नीट चिकटत नाहीत आणि खर्चही झेपत नाही. धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या घड्या वापरा, दर वेळी कोमट पाण्याने पुसून कोरडं करा आणि भोवतीच्या त्वचेवर झिंक ऑक्साइडचा जाड थर द्या. पावडर नको. आतडं लालचुटूक आणि ओलसर दिसलं तर घाबरू नका, तो त्याचा नेहमीचा रंग आहे. काळपट झालं किंवा वीतभर बाहेर आलं तर लगेच या.

दुसऱ्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी डायलेटर सुरू होतो. गुळगुळीत धातूची कांडी, जेली लावून दिवसातून दोनदा, दर आठवड्याला थोडी जाड. अकरा महिन्यांच्या बाळाला १४ नंबरपर्यंत, वर्ष ओलांडलं की १५. बाळ रडतं, आईचे हात थरथरतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, राहू दे आजच्या दिवस. चार दिवस राहिलं की जागा आवळते. मामा, तुम्ही एक काम करा. बहिणीबरोबर तुम्हीही वॉर्डात शिकून घ्या, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

पैशांचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. रेशनकार्ड, आधार आणि बाळाच्या जन्माचा दाखला लागतो. जन्माचा दाखला काढला नसेल तर बाळंतपण झालं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत उद्याच जा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात कुणीतरी बोललं असेल म्हणून सांगतो. ग्रहणात भाजी चिरली, पाळलं नाही, म्हणून असं झालं, हे मी दर आठवड्याला ऐकतो, आणि ते ऐकताना आई मान खाली घालून बसलेली असते. शी-लघवीच्या वाटा वेगळ्या होतात त्या गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात. तेव्हा पोटात बाळ आहे हे अनेकींना नीट कळलेलंही नसतं. सोनोग्राफीतही हे बहुधा दिसत नाही. ग्रहण साऱ्या गावाला एकाच वेळी लागतं, बाळ मात्र हजारांत एक. तुमच्या बहिणीने काहीही केलेलं नाही. हे तिला घरातल्या सगळ्यांसमोर, मोठ्याने, तुम्हीच सांगा. दुसऱ्या बाळाला हा दोष येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास असते.

राहिला लग्नाचा आणि मूलबाळाचा प्रश्न. या प्रकारात योनी आणि गर्भाशय बहुधा व्यवस्थित असतात. थोड्या मुलींमध्ये योनीत पडदा असतो किंवा ती तयार झालेली नसते, म्हणून भूल दिलेली असतानाच ते बघून कागदावर लिहायला सर्जनना सांगा. लग्न होतं, मूल होतं. बाळंतपणाच्या वेळी दुरुस्त केलेल्या जागेवर ताण नको म्हणून अनेकदा सिझेरियन सुचवतात, आणि तो निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना पंचवीस वर्षांपूर्वी नेमकं काय केलं होतं ते कळायला लागतं. तो कागद तेव्हा फक्त घरात असेल, रुग्णालयात नसेल. ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि डिस्टल कोलोस्टोग्राम म्हणजे खालच्या आतड्याचा औषध घालून काढलेला एक्स-रे, या तिन्हींचे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच घाला, तिच्या नावाने.